कोड खुला, उंबरठा मात्र छातीएवढा

लायगो-इंडियाची बातमी आली की तिच्यातील आकडे ठरलेले असतात. २६०० कोटी रुपये. काटकोनात पसरणाऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळची जागा. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता, एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी. पुण्याची आयुका, इंदूरची राजा रामण्णा केंद्र ही संस्था, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा अशी जबाबदारीची वाटणी. हे सारे महत्त्वाचे आहे आणि त्याचा अभिमानही रास्त आहे. पण एक प्रश्न या बातम्यांत कुणी विचारताना दिसत नाही. ही वेधशाळा सुरू झाल्यावर तिच्या विदेतून गुरुत्वीय लहर शोधणारे सॉफ्टवेअर कोणाच्या हातांनी घडत राहणार? आणि त्या हातांत हिंगोली-नांदेडच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याचा हात असू शकेल का?

आजच्या स्थितीत माझे उत्तर ‘जवळजवळ नाही’ असे आहे. त्याचे कारण बुद्धिमत्तेचा अभाव नाही, परवान्याची अडचण नाही आणि पैशांची टंचाईही नाही. कारण इतके क्षुल्लक वाटणारे आहे की कोणत्याही समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर ते येत नाही. त्या सॉफ्टवेअरची बिल्ड सिस्टिम जुनी, अवघड आणि नवख्याला परतवून लावणारी आहे.

आधी त्या सॉफ्टवेअरविषयी. गुरुत्वीय लहरींच्या विश्लेषणाचा एक मोठा आधार म्हणजे ‘लालसूट’ हा मुक्तस्रोत संग्रह. दोन दशकांहून अधिक काळ जगभरच्या संशोधकांनी तो प्रामुख्याने सी भाषेत वाढवला आहे. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत विलीन होतात तेव्हा उमटणाऱ्या लहरीचा आकार कसा असेल, हे सांगणारी प्रारूपे त्याच्या एका भागात आहेत. गोंगाटाने भरलेल्या विदेशी असे असंख्य अपेक्षित आकार ताडून पाहणे, स्रोताचे वस्तुमान व अंतर यांचे अनुमान करणे, फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांचे क्षीण, अखंड संकेत शोधणे ही कामे इतर भागांत आहेत. या विद्येत भारत पाहुणा नाही. विलीन होणाऱ्या जोडताऱ्यांचे संकेत शोधण्यासाठी कोणत्या गाळण्या निवडाव्यात, यावरचा बी. एस. सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांचा शोधनिबंध १९९१ सालचा आहे. पहिली लहर प्रत्यक्ष सापडली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे त्यानंतर चोवीस वर्षांनी. बंगळुरूच्या आयसीटीएसमधील पी. अजित यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी लहरींच्या आकारांची प्रारूपे घडवण्यात मोलाचा वाटा उचलला आहे. घर आपलेही आहे. प्रश्न त्याच्या उंबरठ्याचा आहे.

बिल्ड सिस्टिम म्हणजे काय? माणसाने लिहिलेला सोर्स कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणण्याची सारी व्यवस्था. कोणत्या फाइली कोणत्या क्रमाने कंपाइल करायच्या, कोणत्या बाहेरच्या लायब्ररी लागतात, त्या या संगणकावर आहेत का, नसल्यास काय करायचे, हे सारे ती ठरवते. स्वयंपाकाच्या उपमेत सांगायचे तर सोर्स कोड म्हणजे शिधा आणि बिल्ड सिस्टिम म्हणजे चूल. शिधा कितीही उत्तम असो, चूल पेटली नाही तर कुणाचेही पोट भरत नाही.

लालसूटची चूल ‘ऑटोटूल्स’ या साधनसमूहावर पेटते. तिथे विद्यार्थी पहिल्या दिवशी काय पाहतो? रिपॉझिटरी उतरवून घेण्यापूर्वीच मोठ्या फाइलींसाठी गिटची वेगळी जोड लागते. मग एफएफटीडब्ल्यू, जीएसएल, एचडीएफ-५, स्विग अशा बाहेरच्या घटकांची जुळवाजुळव. मग एक प्रारंभिक स्क्रिप्ट चालवायची, जी ‘कॉन्फिगर’ नावाची दुसरी स्क्रिप्ट निर्माण करते. ती चालवली की मेकफाइली निर्माण होतात. त्या मेकफाइली अखेर कंपायलरला हाक मारतात. संग्रहाचे लाल, लालफ्रेम, लालसिम्युलेशन, लालइन्स्पायरल, लालपल्सर, लालइन्फरन्स असे अनेक उपभाग एकमेकांवर अवलंबून आहेत. मध्येच काही अडले, तर चूक दिसते ती यंत्राने लिहिलेल्या हजारो ओळींच्या शेल स्क्रिप्टमध्ये. तिचे मूळ मात्र असते एम-४ नावाच्या मॅक्रो भाषेतील एखाद्या ओळीत. ही भाषा आज संगणकशास्त्राच्या कुठल्या वर्गात शिकवली जाते? आणि आपल्या बहुतेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील संगणकांवर विंडोज असते. ऑटोटूल्सला युनिक्सचे वातावरण लागते. म्हणजे कोड पाहण्याआधी विद्यार्थ्याने दुसरे वातावरण उभे करावे, तिसरी भाषा चाळावी आणि चौथ्या कुणाला तरी विचारावे. असा ‘चौथा’ आयुकाच्या आवारात भेटतो. वसमतला भेटत नाही.

‘पण लालसूट तर पायथनच्या एका कमांडमध्ये बसवता येते, कोंडामध्येही तयार पॅकेजे आहेत’ असे कुणी म्हणेल. खरे आहे, आणि ती सोय करणाऱ्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण ती सोय वापरकर्त्याची आहे. तयार पॅकेज घेणारा आणि त्या पॅकेजच्या पोटातील एक ओळ बदलून ‘आता ते नीट चालते का’ हे पाहू इच्छिणारा, या दोघांच्या वाटा तिथेच वेगळ्या होतात. पहिल्यासाठी सपाट रस्ता आहे, दुसऱ्याला कडा चढावा लागतो. आपली सार्वजनिक दृष्टीही पहिल्याच वाटेवर थांबलेली आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरविषयी जे धोरण जाहीर केले, त्याच्या नावातच ‘अंगीकार’ हा शब्द आहे. अंगीकारणे म्हणजे घेणे, वापरणे. घडवणे ही त्यापुढची पायरी आहे आणि तिला बिल्ड सिस्टिमच्या दारातूनच जावे लागते.

हे दार बंद राहिल्याचा परिणाम आपण एकदा जगासमोर पाहिला आहे, फक्त त्याचा अर्थ चुकीचा लावला. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात टी-शर्ट मिळवण्यासाठी जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक दुरुस्त्यांचा वर्षाव झाला. रीडमी फाइलीत एखादे विशेषण घाल, एखादा स्वल्पविराम हलव, असे त्यांचे स्वरूप होते. आयोजकांना महिना संपण्याआधीच नियम बदलावे लागले आणि स्वतःहून नाव नोंदवणाऱ्या प्रकल्पांपुरताच उपक्रम मर्यादित करावा लागला. त्या गर्दीत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते आणि त्यांची भरपूर टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांनी एक साधी गोष्ट पाहिली नाही. रीडमी ही अशी फाइल आहे की जिच्यात बदल करण्यासाठी काहीही बांधावे लागत नाही. उथळपणा होताच, त्याचे समर्थन नको. परंतु ज्याला आतल्या खोलीत जाता येत नाही तो ओसरीवरच गर्दी करतो, हेही तितकेच खरे. याच देशातील तरुण ‘गूगल समर ऑफ कोड’च्या निवडयादीत वर्षानुवर्षे सर्वाधिक संख्येने असतात. कष्टाची तयारी आहे, वाट दाखवली तर चालणारे पाय आहेत. मग वाट कुठे तुटते, याचा शोध घेणे हे शहाणपणाचे लक्षण ठरेल.

जुन्या व्यवस्थेवर टीका करताना तिच्याशी अन्याय होऊ नये. ऑटोटूल्समधील ऑटोकॉन्फ १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी सुरू केले, तेव्हा ते वरदान होते. सनचे युनिक्स वेगळे, एचपीचे वेगळे, सिलिकॉन ग्राफिक्सचे तिसरेच. प्रत्येकावर सी भाषेतील एखादे फंक्शन असेल की नाही, याची खात्री नसे. तेव्हा प्रत्येक यंत्राला शंभर प्रश्न विचारून त्यानुसार मेकफाइल बनवणारी स्क्रिप्ट ही विलक्षण हुशार युक्ती होती. ज्या प्रश्नांसाठी ती जन्मली त्यांतील बहुतेक प्रश्न आज उरलेले नाहीत. ती यंत्रे संग्रहालयांत गेली, प्रश्न मात्र प्रत्येक बांधणीत आजही निष्ठेने विचारले जातात.

जुने का टिकते, याची एक बोलकी गोष्ट ‘मेक’ या साधनाच्या जन्माशी जोडलेली आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये ते लिहिले. त्यात आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी, मोकळ्या जागांनी नव्हे, असा एक नियम राहून गेला. तो अडचणीचा आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आले. पण तोवर डझनभर वापरकर्ते झाले होते आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून नियम तसाच राहिला. डझनभरांची गैरसोय टळली आणि पुढच्या जवळपास पन्नास वर्षांत अगणित नवशिके त्या अदृश्य टॅबला अडखळत राहिले. प्रत्येक जुन्या प्रकल्पात हाच हिशेब चालू असतो. आत असलेल्यांची गैरसोय बोलून दाखवली जाते, कारण ते बैठकीला हजर असतात. जे दारातूनच परतले त्यांची नोंद कुठल्याच इतिवृत्तात नसते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप बहुधा कुजबुजीत घेतला जातो: ‘ज्याला कॉन्फिगर चालवता येत नाही, तो लहरींच्या कोडात काय दिवे लावणार?’ या वाक्यात विद्वत्ता कमी आणि सोवळे अधिक आहे. सामान्य सापेक्षता समजणे आणि एम-४ मधील अवतरणचिन्हांचे नियम समजणे, या दोन क्षमतांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. या चाळणीतून हुशार माणसे निवडली जात नाहीत. ज्यांच्या शेजारच्या टेबलावर जाणता सहकारी बसतो, तीच माणसे निवडली जातात. ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या ज्ञानाभोवती भिंती बांधल्या, त्याने तरी अशा चाळण्यांना ‘गुणवत्ता’ म्हणण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ‘चालते आहे त्याला हात लावू नका.’ विज्ञानाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे भय रास्तच आहे. बांधणीतील एक चुकलेला पर्याय गणिताचे उत्तर किंचित बदलू शकतो. पण ‘चालते आहे’ म्हणजे ‘सुरक्षित आहे’ असे नव्हे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संक्षेपण लायब्ररीत पेरलेले चोरदार उघडकीस आले. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन केला आणि घातक भाग अशा ठिकाणी लपवला, जिथे कुणी पाहत नाही. त्याला जागे करणारी एम-४ फाइल गिट रिपॉझिटरीत नव्हतीच, ती फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती. निर्माण केलेल्या फाइली टारबॉलमध्ये भरून वाटायच्या, ही ऑटोटूल्सच्या जगातील जुनी रीत असल्यामुळे ती वेगळी उठून दिसली नाही. आंद्रेस फ्रॉयंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे जाणवले म्हणून जग वाचले. ज्या बिल्ड सिस्टिमला कुणी वाचत नाही ती कुणाचेही घर होऊ शकते. आणि एक्सझेडची दुसरी शोकांतिकाही विसरू नये. तो प्रकल्प मुख्यतः एका थकलेल्या माणसाच्या खांद्यावर होता. नवे हात मिळत नसतात तेव्हा येईल त्या हाताचे स्वागत होते.

प्रामाणिकपणासाठी हेही सांगितले पाहिजे की, त्याच हल्लेखोराने सीमेक या नव्या पिढीच्या साधनाच्या फाइलीतही एक टिंब घुसडून सुरक्षेची एक तपासणी निकामी केली होती. नवे साधन म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे. पण जी फाइल दहा जणांना वाचता येते तिच्यातील आगंतुक टिंब सापडण्याची शक्यता, जी एकालाच वाचता येते तिच्यापेक्षा निश्चितच अधिक.

तिसरा आक्षेप: ‘दर दहा वर्षांनी नवी फॅशन येते, तिच्यामागे किती धावायचे?’ फॅशनचा भाग वगळू आणि अनुभव पाहू. विज्ञानात पायथन वापरणाऱ्या प्रत्येकाला सायपाय ठाऊक आहे. सी, सी++, फोरट्रान आणि सायथन अशा मिश्र भाषांतील तो प्रचंड संग्रह वर्षानुवर्षे नमपायच्या डिस्टयुटिल्स-आधारित व्यवस्थेने बांधला जात असे. ती मोजक्या लोकांनाच कळत होती. पायथननेच डिस्टयुटिल्स निवृत्त करायचे ठरवले, तेव्हा सायपायपुढे पर्याय उरला नाही. २०२२ मधील १.९ आवृत्तीत तो मेसन या बिल्ड सिस्टिमवर आला, सप्टेंबर २०२३ मध्ये नमपायही आला, आणि पुढच्याच महिन्यात पायथन ३.१२ मधून डिस्टयुटिल्स खरोखर नाहीसे झाले. मेसनची वर्णनफाइल वाचली तर हा प्रकल्प कशापासून बनतो, हे साध्या ओळींत कळते. बांधणी संगणकाच्या सर्व गाभ्यांवर समांतर चालते आणि एक फाइल बदलली तर तिच्यापुरतेच काम पुन्हा होते. सिस्टमडी २०१७ मध्ये, क्यूईएमयू २०२० मध्ये याच वाटेने गेले. पोस्टग्रेसने २०२३ मधील सोळाव्या आवृत्तीत मेसनला प्रवेश दिला आणि जुनी ऑटोकॉन्फची वाटही चालू ठेवली. धावपळ न करता, दोन्ही वाटांची उत्तरे ताडून पाहत संक्रमण करता येते, याचा हा धडा आहे. जुन्या बांधणीतून आणि नव्या बांधणीतून आलेल्या लालसूटने एकाच विदेवर एकच उत्तर दिले पाहिजे, ही कसोटी लावली की दुसऱ्या आक्षेपातील रास्त भयालाही उत्तर मिळते.

केवळ बिल्ड सिस्टिम बदलल्याने नवे लोक रांगा लावतील, असा माझा दावा नाही. दार उघडल्यावर आत कुणी ‘या, बसा’ म्हणणारेही लागते. पहिली दुरुस्ती महिनोन्महिने अनुत्तरित पडून राहिली, तर मेसन काय आणि मेक काय, पाहुणा परत जातो. माझा दावा एवढाच आहे की, बाकी सारे स्वागत बांधणीनंतर सुरू होते. म्हणून दुरुस्तीही तिथूनच सुरू व्हावी.

आणि ती आपण करावी. लायगोच्या वैज्ञानिक सहयोगात भारतीय संस्था सदस्य आहेत, त्यांचा शब्द तिथे ऐकला जातो. लालसूटची वेगळी ‘स्वदेशी’ आवृत्ती काढण्याचा मोह मात्र टाळावा. वेगळी चूल मांडली तर तिचे सरपण आपल्यालाच कायमचे गोळा करावे लागेल. मूळ प्रकल्पाशी चर्चा करून, त्याच्याच रिपॉझिटरीत, सर्वांसाठी हे काम व्हावे. त्यासाठी लायगो-इंडियाच्या निधीतून दोन-तीन अभियंत्यांची काही वर्षांची पगारी पदे निर्माण करावीत. २६०० कोटींच्या प्रकल्पात ही रक्कम नजरेतही भरणार नाही. या कामाला संशोधनाच्या मूल्यमापनात शोधनिबंधाइतके नाही, तरी दखल घेण्याजोगे स्थान असावे. कारण आज बिल्ड सिस्टिम सुधारण्यात वर्ष घालवणारा संशोधक पदोन्नतीच्या मुलाखतीत रिकाम्या हाताने उभा राहतो, आणि म्हणूनच या कामाला कुणी हात लावत नाही.

यशाची कसोटीही समितीच्या खोलीत ठरवू नये. मराठवाड्यातील एखाद्या महाविद्यालयातील तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच प्रयोगशाळेतील संगणकांवर बसवावे, लिखित सूचना हातात द्याव्यात आणि मदतीला कुणी उभे राहू नये. कोड उतरवून घेणे, बांधणे, एक ओळ बदलणे, चाचण्या चालवणे, हे एका दुपारी जमले तर काम झाले. जमले नाही तर दोष विद्यार्थ्यांचा मानू नये. ते जिथे अडले ती जागा लिहून घ्यावी आणि दुरुस्त करावी.

औंढ्याजवळची जमीन ज्यांच्या पंचक्रोशीतून गेली, त्यांच्या मुलांना या वेधशाळेत पहारेकरी, वाहनचालक आणि सहलीला आलेले प्रेक्षक एवढ्याच भूमिका मिळणार असतील, तर चार किलोमीटरच्या भुजा कितीही अचूक असोत, विज्ञान त्या जिल्ह्यातून नुसते आरपार जाईल. भुजा बांधायला अजून काही वर्षे लागतील. उंबरठा उतरवायला तितकी वाट पाहण्याचे काहीच कारण नाही. ते काम आजच्या संगणकांवर, आजच्या माणसांनी, याच वर्षी सुरू करता येण्याजोगे आहे. लायगो-इंडियाशी संबंधित जे कुणी हे वाचत असतील त्यांनी पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर एवढा एक विषय घालावा.